चुंबक चिकटला म्हणून अशनी नव्हे

६ फेब्रुवारी २०१६ रोजी तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात स्फोट होऊन बसचालकाचा मृत्यू झाला. खड्ड्याजवळ काळसर दगड मिळाला आणि प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच राज्य सरकारने हा मृत्यू उल्केमुळे झाल्याचे जाहीर केले. नासाच्या शास्त्रज्ञांना मात्र छायाचित्रे पाहून हा जमिनीवरचाच स्फोट वाटला. मृत्यूचे कारण लिहिणे हे आम्हा डॉक्टरांचे रोजचे काम. कारण घाईने आकाशावर ढकलले, की जमिनीवर स्फोटक कुठून आले हे कोणी विचारत नाही, आणि धोका तिथेच राहतो.

महाराष्ट्रात तर फसगत आणखी सोपी. आपला कातळ काळा बेसाल्ट. त्यातील मॅग्नेटाइटमुळे चुंबक त्यालाही चिकटतो. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचेही तेच. चुंबकाची परीक्षा म्हणजे थर्मामीटर: ताप आहे एवढे कळते, कशाचा ते नाही. बेसाल्टात आणि मळीत बुडबुड्यांची भोके असतात, अशनीत सहसा नसतात. ताज्या अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे काळे कवच असते, आतला दगड बहुधा फिकट करडा. कापल्यावर त्यात लोह-निकेलचे चमकते कण दिसतात.

निदान पक्के होते ते प्रयोगशाळेतच. निकेलचे प्रमाण, ऑक्सिजनची समस्थानिके तपासली जातात. दगड नुकताच पडला का, हे सोडियम-२२ सांगते. अवकाशात वैश्विक किरणांच्या माऱ्याने ते तयार होते आणि दर २.६ वर्षांनी निम्मे उरते. म्हणून नमुना लवकर पोचला पाहिजे. (हा किरणोत्सर्ग इतका क्षीण असतो की दगड हाताळल्याने आजार होत नाही. घाबरून दवाखान्यात येऊ नये.)

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात भरदुपारी दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी ते गोळा केले, तपासणीत ते एल-६ वर्गाचे कॉन्ड्राइट ठरले. मग नाव मिळाले. क्रम हाच हवा.

असा दगड सापडला तर धुऊ नका, तेल-कुंकू लावू नका. चुंबकही लांबच ठेवा. त्याने दगडात जपलेली चुंबकीय नोंद पुसली जाते. स्वच्छ पिशवीत घालून जागा आणि वेळ लिहा, तहसीलदारांना कळवा. आणि तहसीलदारांनी अहवाल येईपर्यंत पत्रकारांना ‘तपासणी सुरू आहे’ एवढेच सांगावे.