रिपोर्ट तर केला, पण रांगेत कितवा?

१५ मार्च २०१९. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ जणांचा जीव गेला. हल्लेखोर फेसबुकवर लाइव्ह होता. पहिला रिपोर्ट आला लाइव्ह संपल्यावर १२ मिनिटांनी. तरी तो तातडीच्या रांगेत गेला नाही. का? फेसबुकच्या म्हणण्यानुसार, नुकत्याच संपलेल्या लाइव्हसाठी ती रांग फक्त आत्महत्येच्या रिपोर्टना होती. इथे कारण वेगळं निवडलेलं होतं.

पहिल्या २४ तासांत या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख कॉपी हटवाव्या लागल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त अपलोड होतानाच अडवल्या गेल्या. मग कंपनीने तातडीच्या कारणांचा फेरविचार सुरू केला.

थोडक्यात, तुम्ही निवडलेल्या कारणावरून तक्रारीचा नंबर ठरू शकतो. ते नीट वाचून निवडा. आणि कुणाचा जीव धोक्यात दिसला, तर भारतात आधी ११२ला फोन करा.