लाल दिव्याची वायर कापू नका

शेतकरी मंडळी, आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. जुनी येझदी किंवा जावा दारात असलेले आपल्यात बरेच आहेत. कुणाची आजोबांपासूनची, कुणी हौसेनं घेऊन रंगवलेली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनल्या आणि १९९६ ला बंद पडल्या. म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता तिशीला आली. त्यामुळे तिच्या वायरिंगवर किती हात फिरले असतील याचा हिशोब नाही.

या गाड्यांच्या हेडलाइटवर एक लहान लाल दिवा असतो. चावी दाबली की लागतो, इंजिन चालू होऊन थोडी रेस दिली की विझतो. हा दिवा विझेनासा झाला की बरेच मिस्त्री काय करतात? आधी नवी बॅटरी घालायला लावतात. महिन्याभरात तीही बसली की दिव्याची वायरच कापतात आणि सांगतात, "आता काही त्रास नाही." माझं स्पष्ट मत आहे, हे काम रिपेरीत मोडतच नाही. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडण्यातलाच हा प्रकार.

दिव्याची गंमत समजून घेतली तर निम्मं निदान घरीच होतं. दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा करंट चावीतून येतो. दुसरी बाजू डायनॅमोला जोडलेली असते. इंजिन बंद असताना करंट दिव्यातून डायनॅमोच्या आर्मेचरमधून बॉडीला जातो, म्हणून दिवा लागतो. डायनॅमो वीज करायला लागला की दोन्ही बाजूंना सारखाच दाब होतो, करंट वाहायला जागाच उरत नाही आणि दिवा विझतो. दोन विहिरींचं पाणी एका पातळीला आलं की मधल्या पाटातून पाणी सरकत नाही, तसंच.

आता यावरून बघा. चावी दाबूनही दिवा लागतच नसेल, तर "चार्जिंग चांगलं आहे" असं समजू नका. बल्ब गेला असेल, फ्यूज सैल असेल, बॅटरी पार बसली असेल, नाहीतर डायनॅमोचे कार्बन झिजून आर्मेचरला टेकत नसतील. एक प्रकार मात्र धोक्याचा आहे. दिवा लागत नाही, बॅटरी सकाळपर्यंत उतरते आणि इंजिन बंद असतानाही डायनॅमो कोमट लागतो. असं असेल तर रेग्युलेटरमधल्या कटआउटचे पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी रात्रभर डायनॅमोत रिकामी होतेय. आधी बॅटरीचं टर्मिनल काढा, बाकीचं नंतर.

रेस दिली तरी दिवा लख्ख पेटलेलाच असेल तर डायनॅमो वीज करत नाही, किंवा त्याची वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय. उजव्या बाजूचं कव्हर उघडा. कार्बन घरात मोकळे सरकतात का, स्प्रिंग दाबते का, कम्युटेटर काळा झालाय का, ते बघा. क्रँकचं सील गळत असेल तर तिथं तेल येतं आणि कितीही पुसलं तरी पुन्हा येतं. अशा वेळी आधी सील बदलायचं. घासायला बारीक काचपेपर घ्या, एमरी नको. एमरीची पूड खाचांत अडकून नवीनच दुखणं लावते. मंद चालीवर दिवा मिणमिणला तर घाबरू नका, डायनॅमोची तेवढ्या फेऱ्यांना ताकदच नसते.

सगळ्यात जास्त फसवतो तो रेस दिल्यावरही अंधुक जळणारा दिवा. इथं डायनॅमो चांगला असतो, पण वाटेत कुठंतरी अडथळा असतो. हेडलाइट लावल्यावर ही अंधुक लाली वाढली तर चावीचा कॉन्टॅक्ट, फ्यूजची पट्टी आणि बॅटरीची टोकं साफ करा. हेडलाइटनं फरक पडत नसेल तर कटआउटचे पॉइंट जळलेत का ते बघा. आपल्या गाड्यांवर खताची पोती लादली जातात, पाठीवरचा फवारणी पंप गळतो. ते क्षार तांब्याला खातात, जोडावर हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते. वर गोठ्यातले उंदीर आहेतच.

आणि ही हौशी मंडळींसाठी. चेसिसला पावडर कोटिंग करून आणलं की गाडी चकाचक होते, पण अर्थिंगच्या जागी रंगाचा थर बसतो. या गाड्यांत करंटचा परतीचा रस्ता लोखंडातूनच आहे. बोल्टखालचा रंग खरवडला नाही तर दिवे वेड्यासारखे वागतात आणि दोष बिचाऱ्या डायनॅमोवर जातो.

बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. ६ व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत ६.३ च्या आसपास दाखवते. अर्ध्या रेसवर आकडा ७ किंवा थोडा वर गेला पाहिजे. हललाच नाही तर चार्जिंग नाही. ८ कडे निघाला तर रेग्युलेटर बिघडलाय, बल्ब उडतील आणि बॅटरीचं पाणी आटेल. आकडा बरोबर असूनही बॅटरी टिकत नसेल तरच बॅटरीला दोष द्या.

आमच्या कृषी पदवीधर मित्रांना हे वेगळं सांगायला नको. पान पिवळं दिसलं की युरिया फेकणारे आपण बघतोच. जुनी पानं पिवळी की नवी, शिरा हिरव्या राहिल्यात का, रानात पाणी साचलंय का, हे न बघता पोतं रिकामं करायचं. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलेल्या उसाला युरिया देऊन काय होणार? विनाकारण बॅटरी बदलणाऱ्याची जातकुळी हीच.

कुणी म्हणेल, एवढ्याशा दिव्याचं काय कौतुक. अहो, या गाडीचा स्पार्कच बॅटरीवर आहे. बॅटरी संपली की आधी हेडलाइट पिवळा पडतो, मग इंजिन मिसफायर मारतं आणि गाडी उभी राहते. पंपाची लाइट रात्रीची असते तेव्हा आपण बांधावरून जातो, तिथं साप आहेत, उसात बिबट्या आहे. तो दिवा तासभर आधी सांगत असतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी हीच रीत जशीच्या तशी उचलू नये. डायनॅमोच्या गाडीत दिवा फक्त सांगतो. अल्टरनेटरच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र अल्टरनेटर जागा करायला लागणारा सुरुवातीचा करंट याच दिव्यातून जातो. तिथं बल्ब उडाला किंवा हौसेनं एलईडी बसवला तर चांगला अल्टरनेटरही चार्ज करेनासा होतो, किंवा खूप रेस दिल्यावरच जागा होतो. म्हणून बल्ब पूर्वी होता तेवढ्याच वॅटचा घाला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर उभ्या ट्रॅक्टरचा आकडा १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ आला पाहिजे. चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी खोड अल्टरनेटरला लावू नका, डायोड जातात. ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचं असेल तरी आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवायला सांगा. मिस्त्री कंटाळा करेल, पण सोडवल्याशिवाय त्याला होल्डर हातात घेऊ देऊ नका.