परदेशी रेल्वेपास : सौदा अटी वाचूनच

परभणीच्या मोंढ्यात भाव आणि वजन ठरल्यावाचून आपण सौदा पक्का करीत नाही. परदेशी रेल्वेचा पास घेताना मात्र, भाषा उमगत नाही म्हणून, तीच माणसे अटी न वाचता पैसे भरून मोकळी होतात. पुढे व्हिसा नाकारला गेला, वा घरातील वडीलधारे आजारी पडले, की साऱ्या कुटुंबाची रक्कम अडकते.

युरोपातील 33 देशांत चालणारा युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. नेहमीच्या दराने घेतलेला व सक्रिय न केलेला पास परत केल्यास साधारणतः 15 टक्के कपात होऊन उरलेली रक्कम मिळते. सवलतीत विकलेल्या पासास ही मुभा सहसा नसते. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत स्वस्ताईचा मोह आवरावा. वेगवान गाड्यांचे आसन-आरक्षण निराळे. त्याच्या परताव्याचे नियमही निराळे.

दोन शब्द वहीत टिपून ठेवावेत. फ्रेंच ‘राँबुर्साब्ल’ म्हणजे रक्कम परत मिळणारे. त्याआधी ‘नाँ’ असल्यास न मिळणारे. जर्मन ‘एर्श्टाटुंग’ म्हणजे परतावा. खिडकीवर हा शब्द आणि तारीख कागदावर लिहून दाखवावी.

रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्यांना पासाचा आणखी एक लाभ आहे. आरक्षण नसलेल्या गाड्यांत ऐनवेळी आधीची गाडी धरता येते. जूनमध्ये पॅरिसचा सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. डिसेंबरात मात्र सायंकाळी पाचच्या सुमारास. तेव्हा पासाबरोबर सूर्यास्ताची वेळही पाहून निघावे.