मावशीचा खड्डा नंबर

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून थडग्यांना चुना लागतो, झेंडूच्या माळा येतात, मेणबत्त्या पेटतात, संध्याकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. यंदा माझा मावसभाऊ नगरहून मुद्दाम आला होता. पिशवीत पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि घरीच ठोकून आणलेला लाकडी क्रूस. क्रूसावर काळ्या अक्षरात आईचं नाव. मावशी गेली मे २०२१मध्ये. इस्पितळातून पिशवीबंद देह थेट पालिकेच्या दफनभूमीत गेला, फाटकाच्या आत आमच्यापैकी कुणाला सोडलं नाही. माती कुठे दिली ते पीपीई किटमधल्या माणसांनाच ठाऊक.

खिडकीतला कर्मचारी म्हणाला, "नंबर सांगा."

"नंबर तुमच्याकडे असेल ना?"

"खड्ड्याचा नंबर पार्टीने लिहून घ्यायचा असतो. आणि आता काय उपयोग? दोन वर्षं झाली की खड्डा परत वापरतात."

२०२१चं रजिस्टर 'वर गेलंय' असंही कळलं. दफनभूमीच्या कार्यालयात हे वाक्य ऐकून माझ्या मनात जे आलं ते छापण्यासारखं नाही. वर म्हणजे विभाग कार्यालयात. तिथे दुसऱ्या दिवशी विचारलं, तर रजिस्टर खालीच असल्याचं ठामपणे सांगण्यात आलं.

भाऊ काही बोलला नाही. त्याने तो क्रूस भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारच्या एका अनोळखी थडग्याला चुना लावून दिला.

स्मशानातल्या लाकडांच्या टेंडरवर मी लिहिलं तेव्हा बरीच पत्रं आली होती, त्यात 'मेलेल्यांच्या नावाने किती रडाल' असं विचारणारीही होती. त्यांना आजही तेच विचारता येईल. तरी लिहितो, कारण त्या संध्याकाळपासून मला एप्रिल २०२०ची ती दृश्यं आठवत आहेत. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर खोदलेला लांबलचक चर, त्यात एकावर एक रचलेल्या पाइनच्या पेट्या, वरून ड्रोनने टिपलेल्या. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ती दिवसभर फिरवली आणि आपण चहा पिता पिता हळहळलो, की काय ही अमेरिका, माणसं खड्ड्यात लोटतात.

त्या बेटाचं नाव हार्ट आयलंड. शहराने ते १८६८मध्ये विकत घेतलं आणि १८६९पासून तिथे गोरगरीब, बेवारस, ओळख न पटलेले पुरले जात आहेत. पहिलं दफन लुइसा व्हॅन स्लाइक या चोवीस वर्षांच्या अनाथ मुलीचं. आजवरचा आकडा दहा लाखांच्या वर धरतात. एका चरात मोठ्या माणसांच्या दीडशे पेट्या, तीन थरांत. तान्ह्या बाळांच्या पेट्या इतक्या लहान की एका चरात हजार मावतात. कोविडच्या त्या आठवड्यांत, एरवी आठवड्याला पंचवीसच्या आसपास असणारी दफनं रोज चोवीसवर गेली होती.

न्यूयॉर्कची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. हे बेट दीडशे वर्षांच्या इतिहासातला बराच काळ तुरुंग खात्याच्या ताब्यात होतं. रायकर्स आयलंडच्या तुरुंगातले कैदी आणून, अगदी तुटपुंज्या मजुरीवर, त्यांच्याकडून चर खोदून घेतले जात. इस्पितळात 'शहरातर्फे दफन' अशा कागदावर सही केलेल्या कित्येक बाळंतिणींना आपलं मूल नेमकं कुठे गेलं हे अनेक वर्षं समजलं नव्हतं. आणि नातेवाइकांना बेटावर जायचं तर परवानगी मागावी लागे, फोन जमा करावा लागे, आणि एवढं करून धक्क्याजवळच्या एका छत्रीखाली उभं राहून लांबूनच हात जोडायचे. कबरीपर्यंत जाता यावं म्हणून लोकांना खटला भरावा लागला. २०१५मध्ये तडजोड झाली आणि मग ठरावीक दिवशी सिटी आयलंडहून बोटीने जाऊन कबरीपाशी उभं राहता येऊ लागलं. २०२१च्या जुलैत बेट तुरुंग खात्याकडून काढून उद्यान खात्याला दिलं गेलं. म्हणजे गरिबाच्या आईच्या कबरीवर जाणं हा गुन्हेगारीचा विषय नाही, एवढं समजायला जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाला दीड शतक लागलं.

पण त्या निर्दय व्यवस्थेने एक गोष्ट केली. ती लिहीत राहिली. पेटीवर नाव, वहीत नाव, चर कितवा, पेटी कुठली. खोदणारा कैदी असला तरी नोंद व्हायची. काही वह्या जळाल्या, काही गहाळ झाल्या, हे खरं. तरी उरल्या त्यांच्यावर मेलिंडा हंट या कलावंत बाईंनी १९९०च्या दशकापासून चिवटपणे काम केलं, आणि २०१३मध्ये तुरुंग खात्यानेच १९७७नंतरच्या दफनांची यादी सर्वांना शोधता येईल अशी खुली केली. तीस वर्षांपूर्वी पुरलेल्या बाळाच्या चराजवळ एखादी आई आज जाऊन उभी राहू शकते ती त्या वहीच्या जिवावर.

बॉबी ड्रिस्कॉलचं उदाहरण घ्या. डिस्नेचा बालनट, 'ट्रेझर आयलंड'मधला मुलगा, 'पीटर पॅन'चा आवाज, लहानपणीच खास ऑस्कर मिळालेला. १९६८च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या इमारतीत दोन मुलांना त्याचा मृतदेह सापडला. ओळख पटली नाही, रवानगी हार्ट आयलंडवर. दीडेक वर्षाने त्याची आई त्याचा शोध घेऊ लागली, तेव्हा घेऊन ठेवलेल्या बोटांच्या ठशांवरून कळलं की तो बेवारस तरुण म्हणजे आपला बॉबी. तो अजून तिथेच आहे. पण कुणीतरी त्या अनोळखी बोटांना शाई लावून कागद जपून ठेवला होता. लाँड्रीवालासुद्धा कॉलरच्या आत खूण करतो हो, आणि आपल्या पालिकेला माणसावर खूण करायला जमत नाही.

जागा नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटंही नाही. जुहूच्या कबरस्तानात मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर यांच्या कबरींवरचं बांधकाम २०१०च्या सुमारास नव्या दफनांसाठी काढावं लागलं. रफीसाहेबांचे चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात. मोठ्या नावांची ही गत, तर माझी मावशी इस्पितळात आया होती, तिने कायमची जागा कशी मागावी? शिवडीला काका बाप्टिस्टांचं थडगं आहे, व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सचं आहे, ती राहणार आणि राहावीत. खड्डा परत वापरण्याला माझी हरकत नाही. भाऊसुद्धा समजूतदार आहे, दुसऱ्या कुणाची आई त्या मातीत निजली असेल तर त्याला राग नाही. तिची हाडं काढली तेव्हा ती कुठे ठेवली, भिंतीतल्या कप्प्यात की सामाईक खड्ड्यात, एवढंच त्याला हवं होतं. त्याला जागा लागत नाही, वहीत एक ओळ लागते.

आणि कायदाही या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दफनभूमीच्या रखवालदारावर खबर देण्याची जबाबदारी आहे, पण मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण असतं, मातीचं ठिकाण नसतं. माणूस कुठे मेला हे सरकारला हवं, मग तो कुठे गेला याच्याशी त्याला घेणं नाही.

पेव्हर ब्लॉकवर यापुढे लिहायचं नाही, अशी तंबी मला मिळालेली आहे. पण त्या दफनभूमीत रजिस्टर सापडलं नाही तरी पेव्हर ब्लॉक नवे कोरे होते, त्याला मी काय करू? फाटकापासून चॅपेलपर्यंत लाल-पिवळे. दोन्ही बाजूंना सिमेंटची बाकडी, आणि प्रत्येक बाकड्याच्या पाठीवर माजी नगरसेवकांचं नाव, 'यांच्या निधीतून'. बोटभर उंच, ठळक अक्षरं, रंग जरासुद्धा उडालेला नाही. अख्ख्या आवारात वाचता येण्याजोगी, शाबूत नोंद फक्त जिवंत माणसाची होती. याला पुरावा म्हणत नाहीत हे मला मान्य आहे. पण एका बाकड्याच्या पैशात किती रजिस्टरं आणि किती पत्र्याच्या नंबरपट्ट्या येतात, याचा हिशेब पालिकेच्या लेखा विभागाने मला खुशाल पाठवावा, याच जागेत छापीन.

आपल्याकडे पुरणारे काही फक्त ख्रिस्ती-मुसलमान नाहीत. लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात, आणि बहुतेक हिंदू घरांत तान्हं मूल गेलं तर तेही मातीतच जातं, स्मशानाच्या एका कोपऱ्यात, विनापाटीचं. त्या कोपऱ्याची वही मी तरी पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर जरूर कळवा. आणि तोवर एक करा: कुणाला माती द्यायची वेळ आली, तर रडून झाल्यावर खिडकीशी जा आणि पावतीवर खड्ड्याचा नंबर, रांग आणि तारीख लिहून घ्या. त्या पावतीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. कर्मचाऱ्याने नंबर लिहून द्यायला नकार दिला, तर तसं लेखी मागा, आणि ते मला पाठवा.