मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

मैत्रिणींनो, घरातल्या सासूबाईंना तांदळातले खडे दिसेनासे झाले, की आपण म्हणतो, "वयच झालं!" त्याही म्हणतात, "पिकू दे गं मोतीबिंदू. आधी कापसाची वेचणी तर होऊ दे!" आपल्या परभणीकडे हे घरोघर ऐकू येते. मामंजींच्या डोळ्यांसाठी लगेच गाडी ठरते. सासूबाईंच्या वेळी मात्र 'सोबत कोण जाणार' यावरच वर्ष सरते.

'पिकू द्या' हा सल्ला जुन्या काळचा. तेव्हा डोळ्यातले गढूळ भिंग नुसते काढून टाकत. मग जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा! आता त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे घुसले, पण डोळ्यांनी ते सोसले. लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी हे हेरले आणि १९४९ मध्ये पहिले भिंग बसवले. ही भिंगे आपल्याला महाग पडत. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने ती स्वस्त केली. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आणि शिबिरांतून गोरगरिबांना दृष्टी दिली. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड, शिवाय काचबिंदूची भीती. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

"आता डोळ्यात चिप बसवतात म्हणे!" असेही कुणी सांगेल. खरे आहे. दोन मिलिमीटरची चिप पडद्याखाली बसवून, कॅमेऱ्याचा चष्मा लावून पाहायचे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत, वर्षानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांना अक्षरे अधिक वाचता आली. पण ती म्हातारपणी झिजलेल्या पडद्यासाठी. मोतीबिंदूला तिची गरज नाही. 'आर्गस-२' नावाचे असेच यंत्र कंपनीने २०१९ मध्ये बंद केले, अन् ते डोळ्यात बसवलेल्यांच्या दुरुस्तीला कुणी वाली उरला नाही.

म्हणून एवढे कराच:

• भिंगाचे नाव व नंबर असलेले कार्ड जपून ठेवा.

• डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. चुलीचा धूर नको, काजळ तर नकोच.

• औषधाचे थेंब टाकण्याआधी हात साबणाने धुवा.

• डोळा दुखला, लाल झाला, अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि हो, वेचणी दरवर्षीच येते. सासूबाईंची तारीख आजच ठरवा!