यंत्र लहान हवे, अंगाने जड हवे

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा आयटीआयमध्ये मशिनिस्टचा कोर्स करतो. ॲल्युमिनियम कापणारे सीएनसी राउटर घरीच बनवतो म्हणतो आणि त्यासाठी घरात साठवलेले पैसे मागतो. मुलाचे अब्बा म्हणतात, हे सगळे खेळणे आहे. आईचे मन होत नाही नाही म्हणायला. द्यावेत का पैसे? आम्ही म्हणतो, द्यावेत, पण एकरकमी नाही. आणि आधी त्याने कागदावर काढलेले चित्र मागून पाहावे.

चित्रात माप बघा. या वयातली मुले दोन फूट बाय तीन फुटांचे यंत्र काढतात. लाकूड नि ॲक्रिलिक कापायला ते चालेलही, ॲल्युमिनियमला नाही. कटर धातूत शिरला की धातू त्याला उलटा ढकलतो आणि तो जोर यंत्राच्या कमानीला सोसावा लागतो. कमान जराशी लवली की कटर थरथरतो, कडेवर लाटा उमटतात, बारीक कटर तर मोडतोच. पट्टी तीच, जोरही तोच, पण दोन टेकूंमधले अंतर ३०० मिमीचे ६०० केले तर मधला बाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. उलट भरीव पट्टीची उभी उंची दुप्पट केली की बाक आठव्या हिश्श्यावर येतो. कटर पकडीबाहेर किती काढला आहे, त्यालाही जवळपास हाच नियम. म्हणून लहान यंत्र ही गरिबीची तडजोड नव्हे, धातूसाठी तेच शहाणपणाचे आहे. २०० बाय ३०० मिमीचे काम होईल एवढे पुष्कळ झाले.

एवढ्या मापात कमान पायाला बोल्टने घट्ट बसवावी आणि खालचा बेड सरकवावा. टेबलावर जागा जास्त लागते, पण सरकत्या कमानीची डगमग टळते. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा करावा. भंगारवाल्याकडे जाड पत्र्याचे तुकडे वजनावर मिळतात. पाइपात कोरडी रेती भरली तर थरथर आणखी कमी होते. नुसत्या दोन टोकांना धरलेल्या गोल दांड्यांवर बेड सरकवायचा बेत असेल तर तिथे मात्र मुलाला थांबवा. चौकोनी लिनिअर गाइडच घ्यावेत आणि ते जिथे बसणार ती जागा वर्कशॉपमध्ये मिलिंग करून सपाट करून घ्यावी.

आता पैशांचे. पहिला हप्ता सांगाड्याचा नि मिलिंगचा. दुसरा गाइड आणि बॉलस्क्रूचा, तिसरा स्पिंडलचा. मोटरी आणि कंट्रोलर सगळ्यांत शेवटी. मुले नेमके उलटे करतात. मोटर फिरताना बघायला मजा येते ना! कंट्रोलरचा खर्च तसा थोडाच. ग्रबल नावाचा मोफत प्रोग्राम आर्डुइनो उनोच्या छोट्या बोर्डावर चालतो. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले आणि बॉलस्क्रूच्या एका फेऱ्यात ५ मिमी सरक, म्हणजे एका पावलाला ०.०२५ मिमी. सांगाडा लवत असेल तर हा हिशेब कागदावरच राहतो.

मुलाच्या अब्बांना एवढे सांगावेसे वाटते की या यंत्राकडून लगेच कमाईची अपेक्षा ठेवू नये. एमआयडीसीतल्या व्हीएमसीशी त्याची बरोबरी नाही. पण जी-कोडच्या मूळ आज्ञा दोन्हीकडे त्याच, आणि घरी मोडलेला ४ मिमीचा कटर कारखान्यात मोडलेल्या टूलपेक्षा फार स्वस्त पडतो.

कटर मोडण्याचे नेहमीचे कारण घाई असते असे नाही, भीतीही असते. स्पिंडल जोरात फिरते आणि मुलगा बेड हळूहळू सरकवतो. मग कटर कापत नाही, घासतो, तापतो, आणि मऊ झालेले ॲल्युमिनियम त्यालाच चिकटते. एकधारी कटर, मिनिटाला १८,००० फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला ०.०५ मिमीचा कीस धरला तर बेड मिनिटाला ९०० मिमी सरकायला हवा. खोली मात्र एका वेळी अर्ध्या मिमीच्या आतच ठेवावी. ५ मिमीच्या पाटीला दहा फेऱ्या लागल्या तर लागू द्या. वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमवर रॉकेल सोडतात, ते घरात नको.

डोळ्यांवर चष्मा हवाच, हातमोजे नकोत. फिरता कटर मोजा ओढून घेतो. अर्थिंग नसेल तर यंत्र सुरूच करू नये. स्पिंडलचा व्हीएफडी बंद केल्यावरही त्याच्या आत काही मिनिटे वीज साठून असते, झाकण लगेच उघडू नये. आवाज भरपूर होतो, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि लहान मुलांना त्या खोलीबाहेर ठेवावे.

यंत्र उभे राहिले की पहिले काम १०० मिमीचा चौरस कापण्याचे द्या आणि व्हर्नियरने दोन्ही कर्ण मोजायला सांगा. दोन्ही १४१.४ च्या जवळ हवेत. एक मोठा, एक लहान आला तर कमान काटकोनात नाही; बोल्ट ढिले करून ती पुन्हा बसवावी लागेल.