पगारपत्रकात न दिसणारी मजुरी

ऑफिसातल्या वरिष्ठाला आपण सहज ‘बॉस’ म्हणतो. हा शब्द मूळचा डच. इंग्रजीत तो रुळला अमेरिकेत, आणि त्यामागे एक कारण आहे. काम देणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘मास्टर’ हा जुना शब्द होताच. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या गोऱ्या कामगारांना तो बोचू लागला. ‘मास्टर’ गुलामाला असतो, आम्ही काही गुलाम नाही, असे त्यांचे म्हणणे. घरकाम करणाऱ्या गोऱ्या मुलीही ‘सर्व्हंट’ म्हणवून घेईनात. त्या ‘हेल्प’ झाल्या. काम तेच राहिले, हाक मारायचा शब्द तेवढा बदलला.

डेव्हिड रोडिगर यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेजेस ऑफ व्हाइटनेस’ या पुस्तकात शब्दांचा हा प्रवास मांडला आहे. तो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. कामगाराला मान हवा होता, आणि तो हवा असण्यात काहीच गैर नव्हते. पण मालकाशी भांडून तो मिळवणे कठीण. आपल्याहून खाली ढकललेल्या माणसापासून अंतर राखून मिळवणे सोपे. त्याने सोपी वाट धरली आणि तिची खूण भाषेत राहून गेली.

अमेरिकेच्या कामगार चळवळीवर ग्रंथ पुष्कळ आहेत. शिकागोच्या हेमार्केट चौकातला १८८६ चा बॉम्ब आणि पुढच्या वर्षीच्या फाशा, लॉरेन्सच्या कापड गिरण्यांतला १९१२ चा संप, फ्लिंटच्या मोटार कारखान्यात १९३६-३७ च्या हिवाळ्यात ४४ दिवस ठाण मांडून बसलेले कामगार, या साऱ्यांवर उत्तम लेखन झाले आहे. ते वाचताना ऊर भरून येतो. तरीही मला अधिक मोलाची वाटतात ती दुसरी पुस्तके. एवढी झुंजार चळवळ असूनही हा वर्ग आतून दुभंगलेला का राहिला, हा प्रश्न ती टाळत नाहीत. आज या सदरात त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

या सगळ्या पुस्तकांचे मूळ एकाच ग्रंथात आहे. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांचा ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ १९३५ साली आला. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, आणि ‘द क्रायसिस’ या मासिकाचे दीर्घकाळ संपादक. ग्रंथ निघाला तेव्हा त्यांचे वय ६७ होते. सातशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाची प्रकरणे सुरू होतात ती राष्ट्राध्यक्षांपासून किंवा सेनापतींपासून नव्हे. पहिले प्रकरण काळ्या कामगाराचे, दुसरे गोऱ्या कामगाराचे, तिसरे मळेवाल्याचे. ‘गुलाम’ हा आधी कामगार आहे, ही एवढी एक गोष्ट पक्की धरली की यादवी युद्धाचा सारा इतिहास कसा पालटतो, हे दुबॉइस दाखवतात.

चौथे प्रकरण सार्वत्रिक संपाचे आहे. १८६० च्या सुमारास दक्षिणेत जवळजवळ ४० लाख माणसे गुलामीत होती. युद्ध पेटले आणि कापसाच्या मळ्यांवरून माणसे निघून जाऊ लागली. उत्तरेच्या सैन्याची छावणी जवळ आली की रात्रीत वस्त्या रिकाम्या होत. दुबॉइस यांच्या अंदाजाने अशी सुमारे ५ लाख माणसे मळे सोडून गेली. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. ज्या श्रमावर दक्षिणेचे युद्ध चालले होते, तोच श्रम काढून घेतला गेला. स्वातंत्र्य त्यांना कुणी ओंजळीत घातले नाही. हात आखडून त्यांनी ते खेचून आणले. संप म्हटला की मागण्यांचे पत्रक हवे, समिती हवी, म्हणून इथे हा शब्द ताणला आहे, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे. मला वाटते, शब्द ताणला नसता तर या माणसांकडे ‘पळून गेलेले’ म्हणूनच पाहिले गेले असते.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात दक्षिणेत सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला, ते विधिमंडळात बसले. हा सारा काळ म्हणजे अडाण्यांचा गोंधळ होता, असे पुढे दोन पिढ्यांना शिकवले गेले. ते शिकवणाऱ्यांचे अग्रणी विल्यम डनिंग न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या वर्षांत भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी शिकत होता. दुबॉइस यांनी शेवटच्या प्रकरणात या इतिहासलेखनाचा पुराव्यानिशी समाचार घेतला. व्यावसायिक इतिहासकारांच्या प्रमुख नियतकालिकाने त्यांच्या ग्रंथाचे साधे परीक्षणही छापले नाही. त्याच कोलंबियातल्या एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरचा मोठा ग्रंथ १९८८ साली आला आणि दुबॉइस यांनी दाखवलेली दिशा विद्यापीठीय इतिहासात कायमची रुजली. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पुनर्रचना मोडली कशी, या प्रश्नाचे उत्तर हे या ग्रंथाचे मर्म आहे. दक्षिणेतला गोरा मजूरही गरीबच होता. काळ्या मजुराशी हात मिळवण्यातच त्याचे हित होते. पण पगाराखेरीज त्याला आणखी एक मजुरी मिळत होती. त्याला आदराने हाक मारली जाई, बागेत जाता येई, पोलीस त्याच्यातलेच असत, न्यायालय त्याच्याशी नरमाईने वागे, त्याच्या मुलांची शाळा बरी असे. या मजुरीने पोट भरत नव्हते, तरी ती सोडवतही नव्हती. मळेवाल्याला मात्र ती फार स्वस्त पडली, कारण तिच्यापायी दोघांचाही खरा पगार खालीच राहिला. दक्षिणेतल्या नवमुक्तांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य १८७७ साली बाजूला झाले. त्याच वर्षी जुलैत, रेल्वे कामगारांचा प्रचंड संप मोडायला केंद्राचे सैन्य धावले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्याने पहिलीकडे पाठ फिरवली त्याच्या दारात दुसरी येऊन उभी राहिली.

हा चष्मा एकदा डोळ्यांवर आला की पुढचा इतिहास वेगळा दिसतो. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकी कामगाराला संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला. हा तिथल्या कामगार चळवळीचा मोठा विजय. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार नेमके याच दोन कामांत होते.

दुबॉइस यांच्या ग्रंथात बायका फारशा दिसत नाहीत, ही त्याची उणीव. ती टेरा हंटर यांच्या ‘टू ’जॉय माय फ्रीडम’ या १९९७ च्या पुस्तकाने भरून काढली. जुलै १८८१ मध्ये अटलांटात धुणे धुणाऱ्या वीसेक काळ्या बायकांनी संघटना बांधली आणि धुण्याचा दर एकसारखा असावा म्हणून संप पुकारला. काही आठवड्यांतच त्या तीन हजार झाल्या. शहराने २५ डॉलरच्या परवाना शुल्काची भीती घातली. बायकांनी महापौरांना उलट कळवले की शुल्क भरू, पण मग शहरातले धुणे आमच्याच हाती राहील. धुणीभांडी करणारी बाई ही ‘कामगार’ आहे की नाही यावर आपल्याकडे अजून वाद घालणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

रॉबिन केली यांचे ‘हॅमर अँड हो’ (१९९०) अलाबामातल्या काळ्या कम्युनिस्टांवर आहे. बटाईने शेती करणारे आणि बर्मिंगहॅमच्या लोखंड कारखान्यांतले हे कामगार पक्षात आले ते आपले बायबल आणि आपली भजने घेऊन. त्यांनी पक्षाची पोथी पाठ केली नाही, तिला आपल्या अनुभवाचा अर्थ दिला. मायकेल हनी यांचे ‘गोइंग डाउन जेरिको रोड’ (२००७) मेम्फिसच्या सफाई कामगारांचे आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कामगार यंत्रात चिरडून मेले. सुमारे तेराशे काळे कामगार संपावर गेले. पगारवाढ, सुरक्षितता, संघटनेची मान्यता, सगळे त्यांना हवे होते. पण छातीवरच्या फलकावर त्यांनी लिहिले होते ते एवढेच, की मी माणूस आहे. याच संपाला पाठिंबा द्यायला गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तिथे मारले गेले.

यावर एक जुना आक्षेप आहे. वर्णाचा, जातीचा विषय काढला की कामगारांत फूट पडते. आधी वर्ग म्हणून एक व्हा, बाकीचे मागाहून बघू. अमेरिकेत हे ऐकवले गेले, मुंबईतही ऐकवले गेले. प्रामाणिक माणसांनीही ऐकवले, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

उत्तर आपल्याच गिरणगावात आहे. साचेखात्यात पगार चांगला, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. फूट त्यांनी पाडली नव्हती, ती धोट्यावर रोज पडत होती. दुबॉइस यांच्या ग्रंथानंतर वर्षभरातच, १९३६ साली, त्यांनी ‘जातिसंहार’मध्ये लिहिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. दोन खंडांतल्या दोन अभ्यासकांनी एकाच जखमेवर बोट ठेवले.

आणि पुढचे विसरू नये. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष डांगे आणि इतर कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. भेदाचे नाव घेणारा माणूसच एकजुटीच्या संपात पुढे होता. भेद झाकून बांधलेली एकी संकटाच्या पहिल्या धक्क्याला उसवते. भेद मान्य करून बांधलेली एकी टिकण्याची निदान शक्यता असते. एवढे सारे वाचल्यावर माझे मत असे ठाम झाले आहे.

१९४६ साली बाबासाहेबांनी दुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि कृष्णवर्णीयांचा व अस्पृश्यांचा प्रश्न किती सारखा आहे, हे त्यांनी त्यात नमूद केले. दुबॉइस यांनी उत्तरात प्रत पाठवण्याचे आश्वासन दिले आणि आपण त्यांचे नाव जाणून आहोत असे कळवले. पत्रव्यवहार छोटासाच. पण १९३५ चा तो ग्रंथ मराठी वाचकाला परका नाही, हे सांगायला तेवढा पुरे.

वाचायचे तर आधी हंटर, मग केली, आणि मग सवडीने दुबॉइस, असा क्रम मी सुचवेन. वाचून झाल्यावर एक काम करावे. आपण जिथे काम करतो त्या कारखान्याची, कार्यालयाची, नगरपालिकेची हजेरी पुढे घ्यावी. कायम कोण, कंत्राटी कोण, टेबलाशी कोण आणि गटारात कोण उतरते, हे ओळीने पाहावे. मग युनियनच्या पुढच्या सभेत, पगारवाढीच्या ठरावाआधी, ही यादी मोठ्याने वाचून दाखवावी.